खरवस, माडगं, गारेगार: हरवत चाललेल्या कोल्हापुरी चवींबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळीत आणि मे महिन्यात आमच्या मंगळवार पेठेतल्या घरी माणसं उतरतात. पुण्याची, मुंबईची, एक भाचा तर बेंगळुरूहून येतो. पहिल्या दिवशी तांबडा-पांढरा होतो, दुसऱ्या दिवशी मिसळ, रात्री खासबागेत भेळ. तिसऱ्या दिवशी मात्र कुणीतरी हळूच विचारतं, "मावशी, ते हे आता मिळत नाही का गं?" 'ते हे' दर वेळी वेगळं असतं. इतक्यांदा उत्तरं देऊन झाली की म्हटलं, एकदा लिहूनच ठेवावं.

यात तांबडा-पांढरा, मिसळ, भेळ का नाही?

कारण ते कुठं हरवलंय? चौकाचौकात मिळतं. इथं फक्त ज्याची आठवण निघते, पण जे ताटात येत नाही, तेवढंच घेतलंय.

खरा खरवस कोल्हापुरात कुठं मिळतो?

दुकानात विचारू नका. विचारलंत तर 'खरवस' म्हणून काहीतरी मिळेल, पण ते बहुतेक वेळा दूध आणि चायना ग्रास यांची वडी असते. मी एकदा पाव किलो आणला होता. सुरी घातल्यावर कड अशी धारदार सुटली की तिथंच शंका आली. खरवसाला सुरी लावली की त्याला बारीक जाळी दिसते आणि थोडं पाणी सुटतं. तोंडात तो विरघळत नाही, दाताखाली किंचित कचकचतो.

खरी अडचण अशी की खरवस हा विकत घ्यायचा पदार्थच नव्हता. तो यायचा. आमच्या गल्लीच्या टोकाला एक गोठा होता, सहा म्हशींचा. म्हैस व्याली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्या घरची आक्का चिकाचा, म्हणजे व्याल्यानंतरच्या पहिल्या दिवसांतल्या दाट दुधाचा, पितळी तांब्या पदराखाली झाकून दारात. "वैनी, चीक आणलाय, नजर लागंल, झाका आधी." आईनं गुळाचा खडा आणि मूठभर तांदूळ घालून तांब्या परत द्यायचा, रिकामा कधीच नाही. मग आई खरवस करायची आणि त्याचे चौकोन कापून आम्हाला पुन्हा चार घरी पिटाळायची. आमच्या वाट्याला शेवटी एक-एक वडी, तीही कडेची. गोठा गेला, तिथं आता तीन मजली इमारत आहे, खाली मोबाईलचं दुकान. त्या दुकानदाराकडून चीक कसा येणार?

आजही मिळवायचा असेल तर एकच मार्ग: ज्यांच्याकडं जनावर आहे अशा माणसाशी ओळख. गंगावेशीत दुधाच्या कट्ट्यावर अजून म्हशी आणून गिऱ्हाईकासमोर धार काढतात, फेसाळ धारोष्ण दूध ग्लासात देतात. तिथं चार दिवस नेमानं दूध प्या, गप्पा मारा आणि मग विचारा. पहिल्या दिवशी विचारलंत तर "बघू की" एवढंच उत्तर येईल.

चीक मिळाला तर प्रमाण काय?

ते चीक कितव्या दिवसाचा आहे यावर ठरतं, म्हणून आणून देणाऱ्याला आधी तेच विचारा. पहिल्या दिवसाचा चीक पिवळट आणि दाट असतो, त्यात एकास दोन-अडीच वाट्या दूध सहज मुरतं. दुसऱ्या दिवसाच्याला एकास एक. तिसऱ्या दिवसाच्यात दूध घातलंत तर वडी पडणार नाही, चमच्यानं खावं लागेल. किसलेला गूळ चवीनं, वेलदोडा, थोडं जायफळ. कुकरात शिट्टी न लावता वीस-पंचवीस मिनिटं वाफवा. त्यात घट्ट करायला काही लागत नाही. चिकात प्रथिनंच इतकी असतात की तापल्यावर ती अंड्याच्या पांढऱ्यासारखी आपसूक धरतात. खात्री नसेल तर आधी एका वाटीत चार चमचे वाफवून बघा. आई तसंच करायची आणि ती वाटी कुणाला मिळणार यावरून आमची मारामारी.

पण तो वासराच्या तोंडचा घास नाही का?

आहे. पहिला चीक वासराच्या पोटात गेलाच पाहिजे, तोही पहिल्या काही तासांत, कारण रोगाशी लढायची ताकद त्याला त्यातूनच मिळते. चांगला गवळी ते पोटभर पाजतो आणि उरलेलं काढतो. "पहिल्याच धारेचा आणून द्या" असा हट्ट धरू नका.

गुऱ्हाळं अजून चालतात का? गरम गूळ खायला मिळेल?

चालतात, पण पूर्वीइतकी नाहीत. बरीच बंद पडली. मजूर मिळत नाहीत, ऊस कारखान्याला घालणं सोपं पडतं आणि गुळाचा दर कधी दगा देईल सांगता येत नाही. दसरा-दिवाळीनंतर हंगाम सुरू होतो, तो साधारण मार्चपर्यंत. करवीर, पन्हाळा, कागल भागात शिवारातून जाताना उंच चिमणीतून धूर दिसला आणि हवेत गोडसर करपट वास आला की गाडी थांबवायची. ओळख लागत नाही. "जरा गूळ बघायचाय" म्हटलं की बस.

माझं आजोळ पन्हाळा तालुक्यातलं, मामाचं गुऱ्हाळ होतं. तिथला सगळा कारभार गुळव्याच्या, म्हणजे गूळ रांधणाऱ्याच्या, डोळ्यावर. चुलाणात चिपाडं सारणारा चुलव्या, वर भली मोठी काहील, तीत फसफसणारा रस. रस तापायला लागला की वर काळपट मळी यायची, ती काढायला रानभेंडीचा चिकट रस घालायचे. मग उकळी पिवळी व्हायची, तिचे बुडबुडे मोठे होत जायचे, आणि गुळव्या थंड पाण्यात बोटानं थेंब टाकून गोळी वळतेय का बघायचा. ती टुणकन वाजली की सगळ्यांची धावपळ. काहील वाफ्यात, म्हणजे गूळ निववायच्या उथळ हौदात, ओतायची. आम्ही पोरं तोवर उसाची सोललेली कांडकी हातात धरून टपलेली. वाफ्याच्या कडेला कांडकं बुडवायचं, थंड पाण्याच्या बादलीत धरायचं. गूळ ओढला की लांबतो, दाताला चिकटतो. हा चिक्की गूळ. याच्यासाठी माझी दुधाची दाढ गेली आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

बटाटे आणि रताळी फडक्यात बांधून काहिलीत सोडायची, हा आणखी एक उद्योग. मामा ओरडायचा, "रस नासतोय रं!" आणि नंतर अर्धं रताळं स्वतः खायचा.

कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन आहे, शाहूपुरीतली गूळपेठ तर शाहू महाराजांच्या काळापासूनची. त्यामुळं गूळ काही कुठं जात नाही. तीस किलोच्या रव्यापासून अर्ध्या किलोच्या डब्यापर्यंत सगळं मिळतं. पण वाफ्याच्या कडेचा तो गरम गूळ डब्यात भरता येत नाही, त्याला काय करणार.

काकवी म्हणजे पातळ झालेला गूळ का?

नाही. गूळ व्हायच्या आधीच काहिलीतून काढून घेतलेला दाट रस म्हणजे काकवी. साधारण १०५-१०६ अंशांना काकवी उतरते, गूळ व्हायला त्याच्या पुढं ११८ अंशांच्या आसपास जावं लागतं. गरम भाकरी कुस्करून वर तूप आणि काकवी, हे आमचं थंडीतलं सकाळचं खाणं होतं. ब्रेडवर घालून खाऊ नका असं मी म्हणणार नाही, पण माझ्यासमोर खाऊ नका.

माडगं म्हणजे नेमकं काय? आजी म्हणायची, पण करताना कुणी दाखवलं नाही.

हुलग्याचं पातळ, गोडसर पेय. हुलगा म्हणजे कुळीथ. हुलगे खमंग भाजून दळायचे. वासानं घर भरलं पाहिजे, नाहीतर कच्चट लागतं. चार चमचे पीठ थंड पाण्यात गुठळी न होऊ देता कालवायचं, दोन-तीन भांडी उकळत्या पाण्यात सोडायचं, ढवळत राहायचं. गूळ, चिमूटभर मीठ, सुंठ. भांडं खाली उतरवल्यावरच दूध घालायचं. चुलीवर असताना घातलंत तर गुळानं दूध फाटतं, मग बसा गाळत.

पावसाळ्यात सर्दी झाली की हे ठरलेलं. आज्जी मोठ्या वाटीत ओतून द्यायची आणि वर घोंगडं टाकायची. "गप पी. घाम आला की उठ." लहानपणी आम्हाला ते शिक्षेसारखं वाटायचं. आता सर्दी झाली की पहिली आठवण त्याचीच येते. तिखट माडगंही करतात, लसणाची फोडणी देऊन. आमच्याकडं गोडच होतं.

हुलगे, राळं, नाचणी… ही धान्यं गेली कुठं?

शेतातून गेली, म्हणून ताटातून गेली. पाणी आलं तसा ऊस आला. राधानगरीचं धरण आलं, नदीकाठानं पाणी योजना आल्या, आणि ज्या माळावर हुलगे, राळं, मटकी विस्कटायची तिथंही ऊस उभा राहिला. त्यात शेतकऱ्याची चूक काढायला मी बसलेली नाही. उसानं पोरांची शिक्षणं केली, माझ्या मामेभावंडांचीसुद्धा. पण जे रानात पिकत नाही ते दुकानातून आणावं लागतं, आणि दुकानातून आणताना माणूस हुलग्याआधी मैद्याचा पाव आणतो.

राळ्याचा भात आता वर्षातून एकदा, भोगीला. तोही पाव किलोची पुडी आणून. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झालं तेव्हा सगळीकडं भरडधान्यांचा गाजावाजा झाला, त्यानंतर नाचणीची बिस्किटं घरोघरी दिसायला लागली. भाकरी मात्र वाढलेली मला दिसली नाही.

खपली गव्हाचं उलटं झालंय. हा गहू मधे जवळजवळ विसरला होता, कारण त्याचं टरफल चिकट, ते काढायला उखळात सडावा लागतो. आता साखरेच्या धास्तीनं शहरी माणसं त्याला दुप्पट पैसे मोजतात. आपल्याकडं त्याची खीर व्हायची, गूळ आणि ओलं खोबरं घालून, बेंदराला, म्हणजे बैलांच्या सणाला, नाहीतर पाहुणे आले की. आजऱ्याचा घनसाळ तांदूळही तसाच तगला. २०१६ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. खरा घनसाळ शिजतो तेव्हा शेजारणीला कळतं.

गव्हाचा चीक आणि खरवसाचा चीक एकच का?

नावापुरता. हा कुरडयांचा. गहू तीन दिवस भिजवायचे, पाणी रोज बदलायचं, वाटून गाळायचं, सत्त्व रात्रभर बसू द्यायचं, सकाळी वरचं आंबूस पाणी ओतून टाकायचं आणि खालचं सत्त्व उकळत्या पाण्यात शिजवायचं. कुरडया सोऱ्यातून पडायच्या आधी एकेक वाटी चीक पोरांना मिळायचा. कुणी दूध-साखर घालून खायचं, मी तेल आणि चटणी घालून. हाटणाऱ्या बायकांचे खांदे भरून यायचे, म्हणून हे काम एकटीचं नव्हतंच. आज आमच्या गच्चीवर, उद्या समोरच्यांच्या. आता कुरडया बचत गटाकडून विकत येतात, चांगल्या असतात, पांढऱ्याशुभ्र. पण पुडीबरोबर चीक येत नाही.

गारेगार आणि ती जुनी गोळी? मुलांना दाखवायचंय.

गारेगारवाला आता शहरात क्वचित. सायकलच्या मागं लाकडी पेटी, रबरी भोंगा, आणि "गाऽऽरेगार!" लाल, पिवळं, हिरवं. चव तिन्हींची एकच, रंग मात्र निवडून घ्यायचा. पैसे नसले तर बाटली, पत्रा, तुटकी चप्पल चालायची. माझ्या भावानं एकदा वडिलांची चांगली चप्पल दिली होती. पुढचं लिहीत नाही.

गोळ्यांमध्ये रावळगावची आठवण सगळे काढतात. ती आपल्याकडची नव्हे, नाशिक जिल्ह्यातली. वालचंद हिराचंद यांच्या साखर कारखान्यानं १९४२ साली गोळ्या सुरू केल्या. २०२४ साली त्यांचे ब्रँड रिलायन्सच्या कंपनीनं २७ कोटींना घेतले. आमच्या शाळेसमोर ती वाढदिवसालाच दिसायची. बाकी दिवस चिंचेचा गोळा काडीवर, बोरकूट, आणि वर्तमानपत्राच्या पुडीतली चन्यामन्या बोरं.

करवंदं कधी येतात?

एप्रिलच्या शेवटापासून पाऊस पडेपर्यंत. पन्हाळा, शाहूवाडी, गगनबावड्याकडच्या बायका बुट्टीत घेऊन येतात. प्लास्टिकच्या डब्यात भरलेली घेऊ नका, खाली मऊ पडलेली असतात. पानाच्या द्रोणातली घ्या. आणि पोरं बरोबर असतील तर खेळ शिकवा: करवंद दातानं अर्धं तोडायचं, आतून लाल निघालं तर कोंबडा, पांढरट निघालं तर कोंबडी. आमच्या भाच्याचा मुलगा या खेळापायी अर्धा किलो खाऊन गेला. एरवी तो फळाला हात लावत नाही.

चढणीचे मासे?

मृगाचा पाऊस लागला की मासे अंडी घालायला नदीतून ओढ्यात, ओढ्यातून भाताच्या खाचरात चढतात. रात्री बत्ती घेऊन माणसं निघायची. सकाळी घरात बुट्टीभर मासे, मग कोरड्यास म्हणून तेच, दोन्ही वेळा. चव विसरता येत नाही, हे खरं. पण गाभोळीचे मासे असे वाटेतच उचलले तर पुढच्या वर्षी चढणार कोण? त्यात पंचगंगेच्या पाण्याचं काय झालंय ते सगळ्यांना माहीत आहे. मी आता मागत नाही.

घरची चटणी पूर्वीसारखी का लागत नाही?

इथं चटणी म्हणजे कांदा-लसणाची लाल चटणी, बाहेरच्यांसाठी सांगते. दोन कारणं. एक, मिरची. पूर्वी तिखटाला संकेश्वरी किंवा जवारी आणि रंगाला ब्याडगी असं घरोघरी ठरलेलं असायचं. गडहिंग्लजच्या बाजारात संकेश्वरी अजून येते, पण कमी आणि महाग. त्यामुळं संकर मिरचीवर भागवतात. दुसरं, कुटणं. डंकावर कुटलेल्या चटणीत खोबऱ्याचं, तिळाचं तेल हळूहळू सुटतं आणि सगळं एकजीव होतं. घरच्या मिक्सरात पातं गरम होऊन वास उडतो. शहरात डंक अजून आहेत. एप्रिलमध्ये रांग लावायची तयारी ठेवा, आणि स्वतः समोर उभं राहा.

आंबील प्यायची आहे. घरी जमत नाही.

मार्गशीर्षात या. सौंदत्तीच्या रेणुकेची, म्हणजे यल्लम्माची, यात्रा करून माणसं परतली की ओढ्यावरच्या रेणुका मंदिरात आंबील यात्रा भरते. घरोघरच्या बायका नैवेद्य घेऊन येतात: आंबील, वडी, भाकरी, मेथीची भाजी, दहीभात, गाजर, कांद्याची पात. देवीला दाखवून झालं की तिथंच गोल करून बसायचं आणि एकमेकींच्या डब्यात हात घालायचा. ओळख नसली तरी कुणी उपाशी उठू देत नाही. "घ्या की वो, लाजताय कशाला" म्हणत दोन भांडी आंबील पाजतात. दर घरची आंबटाई वेगळी. मला ज्यात लसूण जास्त ती आवडते.

जुनं सगळंच चांगलं होतं, असं म्हणायचंय का?

छे. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर मिलो आला होता, परदेशी तांबडा जोंधळा. त्याची भाकरी आईनं खाल्ली आणि ती आयुष्यभर त्याचं नाव काढू देत नव्हती. एकदा मी कौतुकानं म्हटलं, "एकदा करून बघूया की, चव तरी कळंल." तिनं नुसतं माझ्याकडं बघितलं आणि स्वयंपाकघरातला दिवा घालवून बाहेर गेली.

यातलं काही पार्सल करून पाठवता येईल का?

हुलग्याचं पीठ पाठवते, सहा महिने टिकतं. चटणी पाठवते, पण बरणी दोन पिशव्यांत. काकवीची बाटली गेल्या वेळी बेंगळुरूच्या बसमध्ये फुटली, भाच्याच्या सगळ्या शर्टांना मुंग्या लागल्या, तरी पाठवेन. नवरात्रात आलात तर कडाकण्या, त्या तळलेल्या कडक गोड पुऱ्या, बांधून देईन.

खरवस मात्र नाही. कुणाकडं म्हैस व्याली की फोन करते. रात्रीची गाडी पकडायची.